हजरतगंजचे मुन्शीजी

आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत कपड्यांच्या खाली तीन गोष्टी असत. एक ज्ञानेश्वरी, दोऱ्याने बांधलेला जुन्या पंचांगांचा गठ्ठा आणि शेख सादीची ‘गुलिस्ताँ’. आजोबा मराठवाड्यातले, निजामी राजवटीत शिकलेले. घरात मराठी, शाळेत उर्दू, आणि उर्दूच्या मागोमाग फारसीचे दोन धडे, अशी त्या पिढीची शिकवणी होती. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांना पाढे उर्दूतच येत.

ते पुस्तक मी पुष्कळदा उघडून बसत असे. एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरीही. कागद चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी पडलेला, कसरीने जागोजाग भोकं पाडलेली. पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत मूळ मजकूर, आणि भोवतीच्या समासात बारीक अक्षरांतली टीप. ती टीप सरळ ओळीत नव्हती. तिरकी चढायची, कोपऱ्यावर वळायची, वरून पुन्हा खाली उतरायची. जणू मुंग्यांची रांग चौकटीभोवती फिरते आहे. मला वाटायचं, हे हाताने लिहिलेलं आहे. आजोबा म्हणाले, “छापलेलं आहे, बाळा. पण आधी हाताने लिहिलेलं आहे.” मग पहिल्या पानाच्या तळाशी बोट ठेवून त्यांनी वाचून दाखवलं: मतबा मुन्शी नवल किशोर, लखनौ. मतबा म्हणजे छापखाना.

लिहिलेलं आणि तरी छापलेलं, हे कोडं सुटायला मला पुष्कळ वर्षं लागली. ते सुटलं तेव्हा त्या तळाच्या नावामागचा माणूसही थोडाफार कळला. उर्दू साहित्याला आश्रय देणारे म्हणून आपण नवाब, निजाम, संस्थानिक यांची नावं घेतो. माझ्या मते या सगळ्यांच्या रांगेत पहिला मान या छापखानेवाल्याचा आहे.

नवल किशोर यांचा जन्म ३ जानेवारी १८३६ चा. अलीगढ भागातल्या सासनीचं हे जमीनदार भार्गव घराणं. त्या काळी अशा घरातला मुलगा संस्कृतच्या जोडीला फारसी शिकायचाच. पुढे ते आग्रा कॉलेजात शिकले आणि तिथून लाहोरला गेले. मुन्शी हरसुख राय यांनी १८५० मध्ये लाहोरात ‘कोह-ए-नूर’ नावाचं उर्दू वर्तमानपत्र आणि छापखाना काढला होता. तिथे उमेदवारी करून हा तरुण धंदा शिकला. छपाईचा दगड कसा घासायचा, अक्षर लिहिणाऱ्या कातिबाकडून वेळेवर पानं कशी घ्यायची, वर्गणीदार कसे सांभाळायचे, असं सगळं. आणि १८५८ च्या अखेरीस, वयाच्या बाविसाव्या वर्षी, लखनौला येऊन त्यांनी स्वतःचा छापखाना मांडला.

ते साल आणि ते शहर डोळ्यांसमोर आणावं लागतं. फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि तिथल्या नवाब वाजिद अली शाहला कलकत्त्याकडे मटियाबुर्जला धाडलं. पाठोपाठ सत्तावनचा उठाव झाला, रेसिडेन्सीला वेढा पडला. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर परत घेतलं आणि लष्करी सोयीसाठी वस्त्याच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. या उलथापालथीत राजा गेला, सरदार गेले, आणि त्यांच्या आधाराने जगणारा एक मोठा वर्ग रस्त्यावर आला. शायर, दास्ताँ सांगणारे, हस्तलिखितांच्या नकला करणारे कातिब, पुस्तकं बांधणारे जिल्दसाज, मौलवी, हकीम. दरबार मोडला म्हणजे या माणसांची चूल मोडली. वाड्यांतली ग्रंथालयं लुटली गेली, पोथ्या विखुरल्या.

अशा शहरात एक परका तरुण येतो आणि नेमकं याच माणसांना काम देऊ लागतो. मला या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. मेहेरबानी म्हणून थैली देणं त्या काळातल्या पुष्कळ धनिकांना जमलं. मुन्शीजींनी पानामागे मजुरी ठरवली. कातिबाच्या हातात महिन्याचा रोजगार आला आणि त्याच्या हातचं अक्षर काबूलपर्यंत जाऊ लागलं.

आता त्या कोड्याकडे वळतो, कारण छापखान्याचा जीव त्यातच आहे.

उर्दू लिहितात ती नस्तालीक लिपी. तिच्यात अक्षरं एकमेकांना धरून येतात, आणि शेजार बदलला की अक्षराचं रूप बदलतं. शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे तिरका उतरत जातो. शिशाचे खिळे मात्र सरळ रेषेत, एकाशेजारी एक उभे राहणार. त्यामुळे नस्तालीकचे खिळे पाडण्याचे प्रयत्न झाले तरी वाचकांना ते रुचले नाहीत. अक्षर तुटकं, आखडलेलं दिसे. यावर तोड निघाली ती जर्मनीत शोध लागलेल्या शिळाछापाची. आपल्याकडच्या जुन्या माणसांना शिळाप्रेस हा शब्द ओळखीचा आहे. आपले मराठी मुद्रक गणपत कृष्णाजी यांनीही सुरुवात शिळाछापानेच केली होती. फरक एवढाच की बाळबोध लिपीला खिळे मानवले आणि मराठी लवकरच त्यांच्याकडे गेली. उर्दू मात्र दगडावरच राहिली.

कृती अशी. कातिब मांडी घालून बसे, गुडघ्यावर पाटी. खळ दिलेल्या पिवळसर कागदावर तो चरबीयुक्त शाईने बोरूने सुलटं लिहून काढी. हा कागद ओलसर करून गुळगुळीत चुनखडीच्या जाड शिळेवर उलटा ठेवायचा आणि दाबयंत्राखाली घालायचा. शाई दगडाला चिकटे, अक्षर दगडावर उलटं उमटे. मग दगडावर गोंद आणि सौम्य आम्ल फिरवायचं. यानंतर दगड पाण्याने भिजवला की कोरी जागा पाणी धरते आणि चरबीची रेघ पाण्याला दूर सारते. वरून छपाईच्या शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांवर बसते. कागद ठेवा, दाबा, उचला. सुलटं पान तयार. तेल आणि पाणी मिसळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर उर्दूचं सगळं एकोणिसावं शतक उभं आहे.

या कामात एक माणूस असायचा, संगसाज. कातिबाची चूक दगडावर उतरली तर ती तिथेच दुरुस्त करावी लागे, आणि दगडावर तर सगळं आरशातल्यासारखं उलटं. संगसाज बारीक कुंचल्याने डावीकडून उजवीकडे उलटी नस्तालीक लिहीत असे, तीही शेजारच्या कातिबाच्या वळणात मिसळून जाईल अशी. सुलटं लिहिणाऱ्या सुलेखनकारांची नावं मागे राहिली. उलटं लिहिणाऱ्यांची जवळजवळ नाहीत.

आणखी एक गोष्ट मी उशिरा समजलो. शिळा जड आणि महाग. एक पुस्तक छापून झालं की दगड घासून कोरा करायचा आणि पुढच्या कामाला लावायचा. म्हणजे पुढची आवृत्ती काढायची तर सगळं पुस्तक पुन्हा लिहून काढायचं. आजोबांची ‘गुलिस्ताँ’ कितव्या आवृत्तीतली ते मला ठाऊक नाही, पण तिच्याआधी आणि तिच्यानंतर कुणीतरी तोच मजकूर, तीच समासातली मुंग्यांची रांग नव्याने लिहीत बसला असणार. छापखाना आला की लेखणी मरते, असं आपण शिकलो. इथे छापखान्याने लेखणीला शतकभर पोसलं.

समास भरून टाकण्यामागे हिशेबही होता. मूळ ग्रंथ मध्ये, भाष्य भोवती, कधी तर समासात दुसरंच पुस्तक. एका कागदात दोन ग्रंथ बसले की किंमत उतरते. मदरशातल्या गरीब पोराला, खेड्यातल्या मौलवीला, कचेरीत उमेदवारी करणाऱ्या कायस्थाच्या मुलाला परवडेल अशी पुस्तकं हवी होती, आणि ती या छापखान्याने दिली. ज्या कुराणाची हस्तलिखित प्रत मिळवणं साध्या घराला शक्य नव्हतं, तेही आवाक्यात आलं. कुराणाची छपाई चाले तेव्हा कारागीर वजू करून कामाला बसत आणि दगड धुतलेलं पाणी गटारात न सोडता वेगळं काढून नदीत सोडलं जाई, अशी आठवण सांगतात. त्याच आवारात तुलसीदासांचं रामचरितमानस छापलं जात होतं, सूरदासांची पदं छापली जात होती, हकिमीचे आणि वैद्यकाचे ग्रंथ निघत होते. संस्कृत ग्रंथांचे उर्दू तर्जुमे करायला पंडित आणि मौलवी पगारावर ठेवले होते.

आपल्याशी नातं सांगणारं एक पुस्तकही त्या यादीत आहे. फरिश्त्याचा इतिहास. फरिश्ता वाढला अहमदनगरच्या निजामशाहीत, ग्रंथ लिहिला विजापूरच्या इब्राहीम आदिलशाहाच्या पदरी. दख्खनच्या सुलतानांचा इतिहास लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला हा ग्रंथ उघडावाच लागतो. तो १८६० च्या दशकात लखनौच्या या शिळांवरून निघाला आणि आजही अभ्यासकांच्या टिपांमध्ये नवल किशोर आवृत्ती म्हणून त्याचा हवाला येतो.

मुन्शीजींच्या आयुष्यात गालिब येतात ते याच सुमारास. सत्तावनच्या राखेतून वाचलेला, पेन्शनसाठी अर्ज करून थकलेला दिल्लीचा म्हातारा कवी. ‘बुरहान-ए-काते’ हा फारसी कोश सतराव्या शतकात आपल्या दख्खनमध्ये, गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत रचला गेला होता. त्याच्यातल्या चुका काढणारं ‘काते-ए-बुरहान’ हे पुस्तक गालिबनी लिहिलं. कोशाला मानणारे पंडित खवळतील हे उघड होतं, आणि खवळलेही. ते पुस्तक १८६२ मध्ये नवल किशोर यांनी छापलं. पाठोपाठ १८६३ मध्ये गालिबची समग्र फारसी कविता छापली. आज गालिब म्हटलं की उर्दू गझल आठवते. सेतुमाधवराव पगडींनी मराठी वाचकांसमोर ठेवले तेही उर्दू गझलांचे गालिब. पण गालिबना स्वतःला अभिमान होता तो आपल्या फारसीचा. दरबार उरला नव्हता, फारसीचे कदरदान कमी होत चालले होते, आणि त्या वेळी सत्ताविशीतला एक छापखानेवाला तो जाड दिवाण काढायला तयार झाला. डिसेंबर १८६३ मध्ये दोघांची दिल्लीत गाठ पडली. नंतर एका पत्रात गालिबनी या तरुणाच्या रूपाला शुक्राची आणि स्वभावाला गुरूची उपमा दिली. गालिब सहजासहजी कुणाला असं म्हणणारे नव्हते.

छापखान्याबरोबरच ‘अवध अखबार’ सुरू झालं. आधी साप्ताहिक, मग आठवड्यातून दोन-तीनदा, आणि १८७० च्या दशकात दैनिक. उत्तर हिंदुस्थानातलं ते पहिल्या उर्दू दैनिकांपैकी एक. १८७८ मध्ये पंडित रतननाथ सरशार हे काश्मिरी गृहस्थ संपादक झाले, आणि त्यांनी अखबारात ‘फसाना-ए-आझाद’ हप्त्याहप्त्याने लिहायला घेतलं. आझाद नावाचा एक भटका, हुशार तरुण लखनौच्या गल्ल्यांतून, जत्रांतून, मैफलींतून फिरतो, आणि प्रेयसीच्या शब्दाखातर रशियाविरुद्ध लढायला तुर्कस्तानला जातो. त्याच्या जोडीला खोजी नावाचा बुटका, बढाईखोर अफिमबाज. वर्षभर हे हप्ते चालले आणि अख्खं शहर त्यांची वाट पाहू लागलं. हरिभाऊ आपट्यांचं ‘करमणूक’ निघायला अजून बारा वर्षं होती. वर्तमानपत्राच्या आधाराने कादंबरी वाढते हे मराठीने हरिभाऊंमुळे पाहिलं, उर्दूने सरशारांमुळे. पुढे प्रेमचंदांनी हेच पुस्तक आटोपशीर करून ‘आझाद-कथा’ नावाने हिंदीत आणलं. तरुण अब्दुल हलीम शरर यांनीही लेखणी घासली ती याच अखबारात, आणि लखनौच्या सरत्या संस्कृतीचं सर्वोत्तम चित्र नंतर त्यांनीच काढलं.

पण मला विचाराल तर मुन्शीजींचं सगळ्यात मोठं काम दास्तानचं. हातिमताई, गुलबकावली या गोष्टी मराठी घरांत एके काळी पोहोचल्या होत्या, त्यामुळे हा प्रकार आपल्याला अगदी अनोळखी नाही. अमीर हमजाची दास्तान या सगळ्यांची थोरली. जादूगार, वेषांतर करून फसवणारे अय्यार, मायावी नगरं, शे-दोनशे पानं चालणारी युद्धं. दास्ताँगो चौकात, वाड्यांत, अफूच्या बैठकांत ती रात्र रात्र सांगत आणि सांगता सांगता वाढवत. एवढ्या विस्ताराने ती फारशी कुणी लिहून ठेवली नव्हती. ऐकणारे विखुरले की ती हवेत विरणार होती.

१८८० च्या दशकात मुन्शीजींनी लखनौच्या दास्ताँगोंना बोलावून लिहायला बसवलं. मुहंमद हुसेन जाह, अहमद हुसेन कमर, शेख तसद्दुक हुसेन ही त्यातली मुख्य नावं. या दास्तानमधल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चा पहिला भाग १८८३ मध्ये निघाला. चार भाग जाहनी लिहिले, मग ते बाजूला झाले आणि पुढची सूत्रं कमरांनी घेतली. होशरुबा झाली, तरी दास्तान संपेना. एकातून दुसरी शाखा फुटत गेली. सगळी मालिका पुरी व्हायला विसाव्या शतकाची दुसरी दहा वर्षं उजाडली, आणि मोजदाद झाली ती सेहेचाळीस खंडांची. प्रत्येक खंड पाटासारखा जाड. सुरू करणारा मालक तोवर हयात नव्हता, सुरुवातीचे लेखकही नव्हते. पुढच्या मालकांनी ती सोडून दिली नाही.

या सेहेचाळीस खंडांचा खर्च कोणत्या उत्पन्नातून निघाला, हेही सांगायला हवं. मुन्शीजी इंग्रजांच्या मर्जीतले होते. सरकारी नमुने, कायद्यांचे तर्जुमे, शाळाखात्याची क्रमिक पुस्तकं यांची कामं त्यांना मिळाली आणि त्या खात्रीच्या पैशावर बाकीचा डोलारा उभा राहिला. अखबारही सरकारला दुखावत नसे. १८७७ मध्ये निघालेल्या ‘अवध पंच’ने त्यावरून त्यांची भरपूर टर उडवली. सत्तावनच्या जखमा ताज्या असलेल्या शहरात ही सलगी कित्येकांना खुपली असणार, आणि ते खुपणं खोटं नव्हतं. छपाईबद्दलही तक्रारी होत्या. स्वस्त आवृत्तीत कागद हलका, ओळी दाटीवाटीच्या, नजरचुका राहिलेल्या. संशोधक आजही त्या पाठांना डोळे मिटून मानत नाहीत. तरी ज्या ग्रंथाची हीच प्रत हाती आहे त्याच्याकडे ते पुन्हा पुन्हा येतात.

कागदाची तंगी कायमची मिटावी म्हणून लखनौत कागदाची गिरणी उभी राहिली, तिच्या उभारणीतही मुन्शीजी पुढे होते. वाफेवर चालणारी यंत्रं आली. कानपूरला शाखा निघाली. लखनौतल्या हजरतगंजमधल्या छापखान्याच्या आवारात एका काळी हजाराच्या आसपास माणसं काम करत. अफगाणिस्तान, इराण, मध्य आशियापर्यंत गठ्ठे जात. त्यांच्या हयातीत निघालेल्या पुस्तकांचा अंदाज पाच हजारांच्या घरातला आहे. आपल्या निर्णयसागरच्या जावजी दादाजींची इथे आठवण होते. जावजी तीन वर्षांनी धाकटे, गरिबीतून वर आलेले, त्यांनी संस्कृत ग्रंथांसाठी देवनागरी खिळ्यांना असं रूप दिलं की पंडित हरखले. एक मुंबईत धातूवर जीव लावत होता, दुसरा लखनौत दगडावर. दोघांचा ध्यास सारखाच होता: पोथी वाड्यातून निघून बाजारात यावी आणि तिची अब्रूही राहावी.

१९ फेब्रुवारी १८९५ रोजी दिल्लीत मुन्शीजी वारले. साठ वर्षंही पुरी झाली नव्हती. दत्तकपुत्र प्रागनारायण यांनी छापखाना नेटाने चालवला. पण वारं बदलत होतं. १९०० मध्ये वायव्य प्रांत आणि अवधच्या कचेऱ्यांत नागरीला मान्यता मिळाली, भाषांची ओढाताण वाढली, आणि ज्या घरांत बाप उर्दू वाचत होता तिथे मुलगा हिंदी वाचू लागला. छापखान्याने हेही ओळखलं. १९२२ मध्ये तिथूनच ‘माधुरी’ हे देखणं हिंदी मासिक निघालं आणि पुढे काही वर्षं प्रेमचंद त्याचे संपादक होते. १९५० मध्ये वारसांत वाटण्या झाल्या आणि छापखाना एक राहिला नाही. १९७० मध्ये टपाल खात्याने मुन्शीजींचं तिकीट काढलं.

कातिबांचं काम मात्र त्यानंतरही चालू होतं. मुंबईची उर्दू वर्तमानपत्रंसुद्धा कातिबच लिहीत, रोजच्या रोज, बातमी कितीही उशिरा येवो. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरावरून संगणकाची नूरी नस्तालीक तयार झाली, आणि मग हळूहळू ती पाटी, तो बोरू, तो पिवळा कागद बाजूला पडला.

दास्तानचं पुढे काय झालं तेही सांगतो. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये गेले आणि जुन्या परंपरेतला शेवटचा दास्ताँगो गेला असं सगळ्यांनी धरलं. सेहेचाळीस खंड रद्दीत, ग्रंथालयांच्या कोपऱ्यांत, कुठे अर्धे कुठे एकटे पडून होते. अलाहाबादचे समीक्षक शम्सुर्रहमान फारुकी यांनी ते एकेक करून जमवले, वाचले आणि त्यांच्यावर ग्रंथ लिहिले. त्यांचा पुतण्या महमूद फारुकी यांनी २००५ मध्ये दिल्लीत होशरुबातला तुकडा रंगमंचावर सांगितला. पांढरा अंगरखा, पांढरी टोपी, मांडी घालून बसलेली दोन माणसं, समोर पाण्याचा पेला. मुंबईतही हे प्रयोग झाले. मी एक पाहिला. प्रेक्षकांत निम्म्यांना उर्दू येत नसावी. अय्याराने जादूगारणीला फसवलं तेव्हा सगळे एकदम हसले. ते शब्द १८८० च्या दशकात लखनौच्या एका कातिबाने पिवळ्या कागदावर उतरवले होते.

आजोबांची ‘गुलिस्ताँ’ आता माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी उर्दू वाचणाऱ्या एका स्नेह्याकडे ती घेऊन गेलो. त्यांनी पहिलं पान सोडून एकदम शेवटचं उघडलं. या छापखान्याच्या पुस्तकांत मागच्या पानावर छपाईची हकीकत असते, कधी साल सांगणारी ओळ असते, असं ते म्हणाले. त्या ओळीतल्या अक्षरांच्या किमती मिळवल्या की हिजरी साल निघतं. आपल्या शिलालेखांत नेत्र म्हणजे दोन आणि रस म्हणजे सहा धरतात, तशीच ही रीत. त्यांनी पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेला एकेका अक्षराखाली आकडा मांडू लागले. अर्ध्या ओळीवर येऊन थांबले. पुढची दोन अक्षरं कसरीने खाल्ली होती. त्यांनी चष्मा काढला, पान खिडकीकडे नेलं आणि उजेडाला तिरकं धरलं.